पेवावरची हवा

टू-स्ट्रोक इंजिन खोटं बोलत नाही, हे मी कळमनुरीच्या माझ्या दुकानात येईल त्याला ऐकवतो. प्लग काढून बघा. काळा, ओला निघाला तर पेट्रोल जास्त आणि हवा कमी. पांढरा पडला तर हवा जास्त. बिस्किटाच्या रंगाचा आला की सेटिंग बराबर. बाकी सगळ्या बाता.

वसरामची चार चाकांची गाडी मीच बांधली. चिखलातून हळद बाहेर काढायला त्याला हवी होती. इंजिन त्याच्या थोरल्या भावाच्या, नेमसिंगच्या मोटारसायकलचं. नेमसिंग पेवात गुदमरून गेला. जमिनीखालच्या ज्वारीच्या कोठारात हवा कोंडतेच, तेव्हा कोणाला नवल वाटलं नाही. त्या दिवशी त्याची गाडी कार्बोरेटर साफ करायला माझ्याकडे होती.

"मिस्त्री, पेवाजवळ आली की बंद पडून राहिली," वसरामचा फोन आला. "बाकी रानात पळते."

"जेट बदलावा लागंल. भूत-बित काही न्हाई," मी म्हणालो आणि दुपारी तांड्यावर गेलो.

पेव सकाळपासून उघडं होतं. आतली बियाण्याची ज्वारी वसराम काढणार होता. मी गाडी तिथं आणली. खोकली, बंद. प्लग काळा, ओला. पेट्रोल कमी सोडणारा बारीक जेट घातला. पुन्हा काळा. फिल्टरच काढून टाकला. शेवटी डब्यातला सगळ्यात बारीक जेट लावला; त्यावर पिस्टन जाम व्हायला हवा. बांधावर नेली तर खरंच तापायला लागली. पेवाशी आणली की गुदमरली. वारा चांगला सुटला होता. माझं डोकंच फिरलं.

"आज उतरू नको, लेकरा," वसरामची आई जिवनबाई म्हणाली. "एक गेला. तू एकलाच राहिला मला."

"याडी, कंदील सोडून बघितला ना! जळून राहिला की."

"उतर रे," मी म्हणालो. "कंदील जळतो तिथं माणूस मरत न्हाई."

कमरेला दोर बांधून तो उतरला. दोर जिवनबाईनं धरला.

मी सवयीनं कार्बोरेटरच्या तोंडावर ग्रीसनं काळा झालेला उजवा तळहात दाबला. असा हात ठेवून किक मारायची आणि इंजिन हवा किती ओढतं ते बघायचं, ही आमची रीत.

किक मारायच्या आधीच हात ओढला गेला.

मी आणखी घट्ट दाबला.

ओढ वाढली. मग तुटक झाली.

मग थांबली.

"वसराम!" जिवनबाई ओरडली. मी धावलो. दोघांनी त्याला वर ओढला. ओठ निळे पडले होते. खाली कंदील शांत जळत होता.

बऱ्याच वेळानं त्याला श्वास आला.

"कोणी तरी तोंड दाबलं माझं," तो म्हणाला.

जिवनबाईनं पदरानं त्याचं तोंड पुसलं. पदराला काळं ग्रीस लागलं.

"नेमसिंगच्या तोंडाला बी असंच व्हतं," ती म्हणाली. "आमाला वाटलं, कंदिलाची काजळी."

मी उजवा हात पाठीमागे घेतला.