पुसलेले नऊ फोटो

यात माझ्या पदरचं काही नाही. जालिंदर माझा मावसभाऊ. वडगाव रासाईत त्याचा फोटो स्टुडिओ आहे. कुणाला खोटं वाटलं तर त्याच्याकडं जाऊन विचारावं.

गेल्या भाद्रपदातली गोष्ट. रात्र नव्हती. टळटळीत दुपार होती.

जालिंदर थकला होता. वीस वर्षांची लग्नं, साखरपुडे, दहावे... सगळे फोटो एका जुन्या कॉम्प्युटरवर. तोही आता दमेकऱ्यासारखा घरघरायचा. जालिंदरची मुलगी शितल सणसवाडीच्या एका कंपनीत आहे. तिनं वेगळ्या सिस्टिमचा नवा कॉम्प्युटर आणला, दोन्हींमध्ये वायर जोडली. फोटो इकडून तिकडं जायला लागले.

"आप्पा, दिवस जाईल यात. मधी हात लावू नका," म्हणून ती कामावर गेली.

तेवढ्यात भामामावशी आली. गावातलीच म्हातारी. दर पितृपक्षात यायची आणि दारातच टेकायची.

"सापडला का रं, जालिंदर?"

"न्हाई, मावशी."

"एकच दे. कसा बी असू दे. मला तिचं तोंड आठवंना झालंय, बाबा."

तिची लेक ज्ञानेश्वरी. गावातच दिलेली. दोन वर्षांत काविळीनं गेली. वर्षाच्या आत नवऱ्याचं दुसरं लग्न जमलं. तेव्हा तिचा सासरा चांगदेव स्टुडिओत येऊन म्हणाला होता, "जुन्या सुनंचा एक बी फोटो ठिवू नको. नवी येतीय."

जालिंदरनं तिच्या लग्नाचे फोटो काढून टाकले. नणंदेच्या लग्नात ती घरच्यांच्या ओळीत कडेला उभी होती. असे नऊ फोटो. त्यातून तिला पुसलं, तिथं मांडवाचा पडदा भरला. वेगळी प्रत ठेवली नाही. सवयीनं त्याच फोटोवर सेव्ह केलं.

हे तो मावशीला कधीच बोलला नाही. "कॉम्प्युटर बिघडला, त्यात गेले," एवढंच.

मावशी उठून गेली. जालिंदरचा खुर्चीतच डोळा लागला.

जाग आली ती शांततेनं.

घरघर थांबली होती...

लाईट होती. वर पंखा फिरत होता. जुना कॉम्प्युटर मात्र बंद.

आणि वायर... निघून खाली लोंबत होती.

तरी नव्याच्या पडद्यावर येणाऱ्या फोटोंचा आकडा पुन्हा एकपासून सरकत होता.

सात... आठ... नऊ.

मग थांबला.

संध्याकाळी शितल आली. नव्या सिस्टिमनं चेहरे आपोआप वेगळे लावले होते. एका माणसाचा एक गोल, खाली नावाला जागा.

"आप्पा, ही कोण? नाव काय टाकू?"

जालिंदर चहा खाली ठेवून पडद्याजवळ गेला.

ज्ञानेश्वरी.

नऊ फोटो. हिरवी साडी, पिवळा काठ. ओळीतले बाकीचे हसत होते. ती सरळ बघत होती.

जुना कॉम्प्युटर चालू करून तेच फोटो उघडले...

कडेला नुसता पडदा.

"एखादी कॉपी राहिली असंल," शितल म्हणाली.

"मी ठिवलीच न्हवती, बाई."

रात्रभर त्यानं विचार केला. सकाळी एक फोटो छापून घेतला आणि मावशीकडं गेला. सगळं कबूल केलं.

"मीच पुसलं व्हतं, मावशी. खोटं बोललो तुमच्याशी."

मावशीनं फोटो हातात घेतला. फोटोवरून अंगठा फिरवत राहिली.

"तोंड तिचंच हाय."

मग अंगठा काठावर थांबला...

"ही साडी कुठली?"

"लग्नातली असंल की नणंदंच्या."

"न्हाई रं. ही तिनं जित्तेपणी कवा नेसलीच न्हाई."



"बाई गेली की माहेरची साडी लागती. ही मी शिरूरहून आणली व्हती. मीच तिच्या अंगावर घातली... सरणावर न्यायच्या आधी."

फोटो तिनं परत दिला नाही. उराशी धरून आत गेली. दार लावून घेतलं.

शितल म्हणते, आप्पा, डिलीट करून टाका. त्याचं बोट पुढं होत नाही. गोलाखाली नावही टाकवत नाही.

आता लग्नात घरच्यांची ओळ लावली की तो कडेला एका माणसाची जागा सोडतो.

"जालिंदरभाऊ, अजून कोण यायचंय का?" लोक हसतात.

"असू द्या," म्हणतो आणि बटण दाबतो.

काल त्याचा फोन आला होता. आवाज दमलेला.

म्हणाला, नऊचे चौदा झालेत.