हरवलेली तीन पावलं

वीज चंद्रावरसुद्धा जाते, हे त्या मंगळवारी दुपारी पाषाणच्या पदस्मृती प्रयोगशाळेत सगळ्यांना कळलं. चंद्रावर एका लांबलचक लाव्हानळीच्या, म्हणजे जुन्या लाव्हाने कोरलेल्या भुयाराच्या, तोंडाशी छोटा तळ होता आणि त्यात वल्लरी एकटी होती. वीज गेल्याने तळावरचा प्राणवायू बंद पडला होता; त्याची राखीव झडप नळीच्या दुसऱ्या टोकाला, आणि वल्लरीच्या पोशाखात बावीस मिनिटांची हवा.

"काळजी करू नकोस मावशी," तिचा आवाज आला. "साठ वेळा चाललेय ही वाट. निघाले मी."

साठ वेळा खरी, पण पुण्यात खुर्चीवर बसून. चंद्रावर ती कालच उतरली होती. तिच्या मावशीने, डॉ. यशोधरा कर्णिकांनी, त्या नळीतून अकरा महिने रोज ये-जा करून ती झडप फिरवून तपासली होती. शेवटच्या आठवड्यात ती चाल 'पदस्मृती' म्हणून त्यांच्या मेंदूतून टिपून घेतली गेली आणि पुढे नव्या अंतराळवीरांच्या मेंदूत उतरवली जाऊ लागली. 'पाय न हलवता प्रवास,' असं यशोधराबाई भाषणांतून सांगत आणि टाळ्या घेत. बहिणीलाही त्यांनी तेच सांगितलं होतं: पोरगी नवखी नाही, तू निर्धास्त राहा.

"बाई, काहीतरी चुकतंय," त्यांचा सहकारी इक्बाल मुजावर पडद्यावरची नजर न काढता म्हणाला. "तुमच्या बुटांनी दर फेरीला तीनशे एक्केचाळीस पावलं मोजलीत. पदस्मृतीत तीनशे अडतीसच आहेत."

"बुटांची चूक असेल."

"रोज? आणि बरोब्बर तीनचीच?"

यशोधराबाईंचा चेहरा उतरला. "इक्बाल, घराला कुलूप लावून आपण निघतो आणि कोपऱ्यावर गेल्यावर आठवत नाही, लावलं की नाही."

"पण परत जाऊन बघावं तर लावलेलं असतं."

"हाताने लावलेलं असतं. मन तिथे नसतंच. आपलं यंत्र मनाने टिपलेलं तेवढंच नोंदवतं. ती तीन पावलं माझ्या इतकी अंगवळणी पडली, की मनाने त्यांच्याकडे बघणंच सोडून दिलं."

"कुठली पावलं?"

"मला माहीत असतं तर यंत्रालाही माहीत असतं!"

त्या घाबरल्या होत्या आणि ते लपवायच्या फंदात पडल्या नाहीत. दर पावलाला चाचपडत जायचं तर हवा पुरणार नव्हती. कोपऱ्यात ट्रेडमिल होती. गुडघ्याची शस्त्रक्रिया होऊन तीनच आठवडे झालेल्या यशोधराबाई काठी टाकून तिच्यावर चढल्या.

"वल्लरी, कितवं पाऊल?"

"बारावं."

"मी पंधरापासून निघते. माझ्या तीन पावलं मागे राहा. माझा आवाज तुझ्यापर्यंत यायला सेकंदाहून जास्त लागतो."

त्यांनी डोळे मिटून पायांना हवं तसं चालू दिलं. इक्बाल मोठ्याने मोजू लागला. शंभर. दीडशे. गुडघ्यातून कळा येत होत्या. दोनशे सोळाव्या पावलाला त्यांची कंबर डाव्या कठड्यावर आदळली.

"थांब!"

अडीच सेकंदांनी उत्तर आलं.

"थांबले. समोर तर सपाट धूळ आहे, मावशी." मग तिच्या पोशाखातून बुटाचं टोक पुढे दाबल्याचा आवाज. "अगं आई गं! धूळ खाली गेली सगळी. भेग आहे, तळ दिसत नाही."

"डावीकडून ये."

वल्लरी वळसा घालून पलीकडे गेली. इक्बालने हिशेब केला. "बाई, वळशात दोनच पावलं जास्तीची गेली. एक राहिलंय."

पुढची सव्वाशे पावलं यशोधराबाई ओठ चावून चालल्या. काही झालं नाही. ट्रेडमिल थांबली.

"पोचले!" वल्लरी म्हणाली. "झडपेचा दांडा धरलाय. फिरवू?"

"अजून नको." यशोधराबाईंनी हवेतच हात पुढे केले आणि नसलेला दांडा धरून फिरवायला घेतला. त्याबरोबर त्यांचा उजवा पाय आपणहून मागे पडला.

"आधी एक पाऊल मागे हो. हात लांब करून फिरव."

बराच वेळ रेडिओवर नुसती खरखर. मग तिच्या पोशाखातून काहीतरी दाणकन आपटल्याचा आवाज आला.

"हवा सुरू झाली," वल्लरी धापा टाकत म्हणाली. "दांडा केवढ्या जोरात उसळला गं! हेल्मेटच्या काचेसमोरून गेला. तुला कसं कळलं?"

यशोधराबाईंना रडू आवरेना.

"मला नाही कळलं, बाळा," त्या म्हणाल्या. "मी फक्त तिथे चालले होते."