कडू मिठाची घरं

केबिन रोडवर सुचेता राऊळ एका पायावर उभी राहून चपलेचा पट्टा शिवून घेत होती, तेवढ्यात विद्यापीठातून फोन आला.

"मॅडम, ताबडतोब उत्तनला निघा. संचिता शिगवणच्या संशोधनात घोटाळा झालाय."

"कुणी केला?"

"सगळे म्हणतायत, तिनेच."

सुचेताने अर्धवट शिवलेली चप्पल तशीच पायात सरकवली आणि रिक्षा पकडली.

पोलिसांच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाल्यावर विद्यापीठाने तिला चौकशी अधिकारी नेमलं होतं. बाई हुशार, तितकीच खादाड. कुठल्या मजल्यावर काय शिजतंय हे ती इंद्रलोक वसाहतीतल्या आपल्या इमारतीच्या जिन्यातूनच सांगायची, आणि बोलावणं आलं तर नाही म्हणायची नाही.

समुद्रकाठच्या उत्तन गावात एका जुन्या बंगलीत विद्यापीठाचं संशोधन केंद्र होतं. संचिता दारातच उभी होती. मूळची रत्नागिरीकडची, वाढली पेणकरपाड्यात. रडून रडून तिचे डोळे सुजले होते.

"नीट सांग," सुचेता म्हणाली. "आणि मला अडाणी समजून सांग."

"मॅडम, इथे घरोघरी मासळी खारवतात, जेवणातही मीठ जास्त. त्यामुळे रक्तदाबाचे पेशंट खूप. आम्ही निम्म्या घरांना नवं मीठ दिलं, सोडियम कमी आणि पोटॅशियम जास्त असलेलं. बाकीच्यांना नेहमीचं. पाकिटं दिसायला अगदी सारखी. कुणाकडे कुठलं मीठ, हे मलाही माहीत नाही. ते फक्त पुण्यातल्या एका संख्याशास्त्रज्ञाला माहीत."

"आणि हे ओळीने ठेवलेले प्लास्टिकचे कॅन?"

"दिवसभराची लघवी यात जमा करायची. तपासली की कळतं, पोटात किती मीठ गेलं. नव्या मिठाच्या घरांत ते कमी यायला हवं. त्यांचा रक्तदाब तर उतरलाय. पण या वेळी काही कॅनमध्ये इतकं मीठ निघालं, की तेवढं खाणारा माणूस सरळ दवाखान्यातच जाईल."

"म्हणजे कुणीतरी वरून ओतलं."

"हो. पुण्याहून माहिती मागवली, तर नासवलेले सगळे कॅन नव्या मिठाच्या घरांतले. नेहमीच्या मिठाचा एकही नाही."

सुचेता थबकली. खरा गुंता हा होता. जे कुणालाच माहीत नव्हतं, ते नासवणाऱ्याला माहीत होतं.

"नव्या मिठाच्या घरांतला एकही कॅन वाचला नाही?"

संचिताने मान खाली घातली. "एकच वाचला. कॉनी मावशींचा. त्या मला लेकीसारखं मानतात. म्हणून तर लोक म्हणतायत, आधीचे निकाल खोटे होते, ते उघडे पडू नयेत म्हणून हिने नमुने नासवले आणि मावशींचा तेवढा ठेवला. उद्या समिती बसतेय. काम बंद पडेल, आणि माझ्या नावापुढे 'खोटारडी' लागेल ते कायमचं."

कॅन ठेवायच्या खोलीची चावी तिघांकडे होती. संचिता, तिचा सहकारी जितेश वोरा आणि केंद्राची नर्स रेचल नुनिस.

सुचेताने आधी जितेशला समोर बसवलं.

"परदेशातली फेलोशिप तुला हवी होती. मिळाली संचिताला. बरोबर?"

"बरोबर. जळतो मी तिच्यावर, लिहून घ्या." जितेशने चष्मा पुसला. "तिचं काही चांगलं झालं की ग्रुपवर अभिनंदन टाकतो आणि फोन पालथा घालून ठेवतो. त्या रात्री जेवण जात नाही. पण कॅनला मी हात लावलेला नाही."

"कॅन गोळा करायला तू घरोघरी जातोस?"

"अंगणापर्यंत. आम्ही जैन, मॅडम. बोंबलाच्या वासानेच मला मळमळतं. पाणीसुद्धा घरून आणतो."

"समज, तुला कॅन नासवायचेच असते. किती मीठ घातलं असतंस?"

जितेश पहिल्यांदाच हसला. "चमचाभर. संशय येणार नाही, पण संशोधन आडवं होईल एवढंच. इथे तर कुणी मुठी भरून टाकलंय. असा वेडेपणा मी कशाला करू?"

माणूस मत्सरी होता, पण आपला मत्सर लपवत नव्हता. सुचेताला तो त्यातल्या त्यात बरा वाटला.

रेचल आली ती कडक इस्त्रीचा पांढरा कोट घालून. ती उत्तनचीच होती, कॉनीची मुलगी.

"तू घरांत जातेस?"

"माझंच गाव हाय, मॅडम. कुठे पेज, कुठे कालवण. खाल्ल्याशिवाय कोण सोडत न्हाय."

"आणि संचिता?"

"ती फक्त आमच्याच घरी जेवते." रेचलने कोटाची बाही सरळ केली. "आई सुरमईचा पयला तुकडा तिलाच वाढते."

"कॅन तिने नासवले असतील?"

"मी कशाला कुणाचं नाव घेऊ? पण आईचाच कॅन वाचला, हे तुम्हीच बघा. लाडकी हाय ना ती आईची."

'लाडकी' म्हणताना तिचा आवाज जरा चिरका झाला.

दुपारी कॉनीने चौकशी अधिकाऱ्याला जेवायलाच बसवलं. सुचेताने अर्थातच आढेवेढे घेतले नाहीत. रेचल वाढत होती. आधी तांदळाची गरम पेज आली, सोबत सुकटाची चटणी. पहिल्याच घोटाला सुचेताच्या जिभेच्या कडेला काहीतरी कडवट लागलं.

"कडू लागते ना?" कॉनी हसली. "ह्या नव्या मिठाचं असंच हाय. कालवणात कळत न्हाय, पेजेत कळते. सवय झाली आता."

"तब्येत काय म्हणते?"

"बरी हाय गो बाय. मागे एकदा तपासणीत माझं मीठ वाढलेलं निघालं, म्हणून प्रेशरची गोळी वाढवली. मी मोरीतच पडले चक्कर येऊन. तवापासून जपून हाय." मग तिने मोबाइल पुढे केला. "हे बघ. आगेराला, नव्या भाताच्या सणाला, संचिताला माझं लाल लुगडं नेसवलं. शोभते का न्हाय?"

फोटोत संचिता लाजत उभी होती. रेचलच्या हातातली पळी टोपावर आपटली आणि ती न बोलता आत गेली.

जेवण झाल्यावर सुचेताने त्याच आळीत आणखी काही घरी पेज मागितली. चौकशीला आलेली बाई दारोदार पेज पिते म्हणून पोरंटोरं हसली, ते तिने मनावर घेतलं नाही. काही घरांत पेज कडवट लागली, काही घरांत नाही. मग तिने पुण्याला फोन लावला आणि प्रत्येक घराचं मीठ आपणच सांगितलं. पलीकडचा माणूस चाटच पडला. एकही घर चुकलं नव्हतं.

संध्याकाळी तिने तिघांना केंद्रात बोलावलं. संचिता रडतेय असं कानावर आल्यामुळे कॉनीही येऊन कोपऱ्यात बसली होती.

"कुठल्या घरात कुठलं मीठ आहे, हे कागदावर कुणालाच माहीत नव्हतं," सुचेताने सुरुवात केली. "जिभेला मात्र माहीत होतं. नव्या मिठाची पेज कडवट लागते. म्हणजे कॅन नासवणारा माणूस घरोघरी जेवणारा हवा. जितेश गावात पाणीसुद्धा पीत नाही, त्यामुळे तो सुटला. संचिता एकाच घरी जेवते, तिला बाकीची घरं कशी कळणार?"

रेचल खिडकीबाहेर बघत होती.

"दुसरं, मिठाचं प्रमाण. हे दोघं संशोधक आहेत. यांनी मोजून, संशय येणार नाही इतकंच घातलं असतं. इथे मुठीने टाकलंय. बोंबील खारवताना टाकतात तसं."

"गावात सगळ्याच बायका खारवतात," रेचल पुटपुटली.

"सगळ्यांकडे इथली चावी नाही. आता तिसरं. कॉनीबाईंचा कॅन का वाचला? मीठ जास्त आलं की गोळी वाढते, आणि गोळी वाढली की त्यांना चक्कर येते. नासवणाऱ्याला त्यांच्या जिवाची काळजी होती. संचितालाही ती असेल, पण ती स्वतःच्या पायावर धोंडा कशाला मारून घेईल? जितेशला त्यांचं काहीच देणंघेणं नाही. काम बुडावं आणि आई मात्र वाचावी, असं वाटणारी इथे एकच आहे."

रेचल खिडकीपासून गर्रकन वळली.

"हो, मीच घातलं!" ती ओरडली. "मला पण डॉक्टर व्हायचं होतं. मार्क कमी पडले. मग ही आली. दोन वेळा घरी जेवली काय, आईला दुसरं कोण दिसेचना! तासन् तास हिच्याशी बोलते. मी दारात चपला काढते तर दोघी गप्प! ते लुगडं माझ्या लग्नासाठी ठेवलेलं होतं. हिचं काम बुडलं असतं तर ही गेली असती. बस, एवढंच पायजे होतं मला."

"आणि बाकीच्या बायका?" सुचेताचा आवाज चढला. "संचिताला आकडे विचित्र वाटले म्हणून बरं. नाहीतर त्या सगळ्यांच्या गोळ्या वाढल्या असत्या. त्या कुणाच्या आया नाहीत?"

रेचलने तोंड झाकून घेतलं.

कॉनी उठली. लेकीसमोर येऊन उभी राहिली.

"संचिताशी मी काय बोलते, ठावं हाय तुला?"

रेचलने मान वर केली.

"तुझंच बोलते गो! तू घरी येते, ताटावर बसते, फोनमध्ये बघते. विचारलं तर म्हणते, बरं हाय. मग मी कोणाला विचारू? हिला विचारते. माझी रेचल सुई टोचते तर दुखते का? पेशंट तिचं ऐकतात का? तिला कोण ओरडत तर न्हाय ना? तू आली की गप्प बसते, तुला वाटायला नको आई पाळत ठेवते."

"खरं आहे," संचिता हळूच म्हणाली. "मावशींनी माझ्याबद्दल आजवर काही विचारलेलं नाही. माझी आई मी लहान असतानाच गेली. मला तुझा किती हेवा वाटायचा, रेचल."

रेचलने तिच्याकडे पाहिलं.

सुचेताला अहवालात सगळंच लिहावं लागणार होतं. रेचलची नोकरी राहणार नव्हती. नासलेले नमुने पुन्हा गोळा करायची परवानगी मात्र समिती देईल, याची तिला खात्री होती. तसं तिने संचिताला सांगितलं आणि त्या पोरीने सकाळपासून पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला.

"आई, घरी चल," रेचल रडत म्हणाली.

"घरी मागून." कॉनीने तिचं मनगट घट्ट धरलं. "ज्यांचे कॅन नासवलेस, त्या एकेकीच्या दारात उभी राहून सांगायचं काय केलंस ते. मी येते संगती."

आणि ती लेकीला घेऊन पायऱ्या उतरायला लागली.