पिशवीतले चार किलो

टिंग!

चंद्रावरच्या त्या दोन खोल्यांमध्ये सकाळपासून बांधाबांध चालली होती. आता वजनकाटा वाजला. जुईची पिशवी: तेरा किलो.

"अगं, एकेक वस्तू मोजली तेव्हा नऊच भरले होते," आई म्हणाली. "हे चार आले कुठून?"

जुई पायाच्या अंगठ्याने जमीन टोकरत राहिली. यान उद्या सुटणार होतं आणि त्यात दहा किलोंपेक्षा जास्त सामान चालत नव्हतं. चंद्राच्या हलक्या ओढीत आठ वर्षांच्या मुलीची हाडं भरत नाहीत, म्हणून डॉक्टरांनी तिला मिरजेला मावशीकडे पाठवायला सांगितलं होतं. आईचं कणांवरचं संशोधन संपायला मात्र अजून दोन वर्षं होती.

आईने पिशवी उलटी केली. फ्रॉकांमधून सात काळे दगड घरंगळले.

"पिशवी जड झाली तर मला नेणारच नाहीत," जुई पुटपुटली.

"लबाड!" आई हसली, पण हसू अर्ध्यावरच राहिलं. इथे जुईच्या वयाचं कुणीच नव्हतं. लपंडाव ती एकटी खेळायची. लपायची, आणि कंटाळली की आपणच बाहेर यायची.

"ये, बस. तुझ्यासारखीच लबाडी प्रोटॉन करतो. प्रोटॉन (अणूच्या गाभ्यातला कण) म्हणजे एक पिशवीच समज. आत तीन क्वार्क (त्याहूनही बारके कण). पिशवीचं वस्तुमान (चंद्रावर काय, मिरजेत काय, न बदलणारं माप) शंभर धरलं, तर तिन्ही क्वार्क मिळून जेमतेम एक भरतात."

"मग नव्व्याण्णव? दगड?"

"दगड नाहीत. त्यांना बांधणारे ग्लुऑन (चिकटवून ठेवणारे कण) आहेत, पण ते तर बिनवजनी."

"चल, काहीतरीच!"

"खरंच गं. क्वार्क आत गप्प बसत नाहीत. भन्नाट वेगाने धावतात, एकमेकांना ओढून धरतात. ती धावपळ, ती ओढ म्हणजे ऊर्जा. आणि कोंडलेली ऊर्जा काट्यावर वजनासारखीच भरते. तू, मी, हे दगड, सगळे बहुतांशी त्या ओढीचेच बनलोय."

जुईने आपला हात उलटासुलटा करून पाहिला. "एक क्वार्क ओढून बाहेर काढला तर?"

"निघतच नाही. लोहचुंबक खिळ्यापासून लांब नेलं की ओढ कमी होते. इथे तसं नाही. लांब न्यावं तितकी ऊर्जा साठत जाते, ताणलेल्या रबरासारखी. शेवटी रबर तुटतं. पण त्या साठलेल्या ऊर्जेतूनच नवे कण जन्मतात आणि सुटलेल्याला लगेच जोडीदार मिळतो. एकटा क्वार्क आजवर कुणाला दिसलेला नाही." आईने तिच्या कपाळावरचे केस मागे सारले. "मावशीच्या गल्लीत नऊ मुलं आहेत. तुला एकटी बसू देणार नाहीत बघ."

जुईने फ्रॉक पुन्हा घडी करून पिशवीत भरले. दगड एकही घेतला नाही. चेन ओढता ओढता ती थांबली.

"आई, नवा जोडीदार मिळाल्यावर त्या क्वार्कला आधीचे आठवतात का गं?"