पहिल्या पडद्यावरची अक्षरं

दिग्रसच्या बसस्टँडमागच्या त्या दुरुस्तीच्या दुकानात उर्वशी शिरली ती टेबलावर आदळूनच. हातातून निसटलेला लॅपटॉप दुकानदार संघदीपनं वरच्यावर झेलला.

"मॅडम, टेबल कालपासून इथंच हाय बरं!"

"मग आज बाजूला नाही का घ्यायचं?" ती हसली... आणि झालं!

आता दीड महिना ती दर गुरुवारी येत होती. त्याला पाहायचं तर नजर जरा बाजूला वळवावी लागे. मधोमध सगळं करडं, पुसल्यासारखं. वर्षभरात कडेचंही जाईल, असं नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलेलं. संघदीपला वाटायचं, लाजते.

लॅपटॉप जुना. त्यातलं कंपनीचं फर्मवेअर, म्हणजे यंत्र चालू करणारं मूळ सॉफ्टवेअर, काढून त्यानं कुणालाही फुकट वापरता, बदलता येणारं बसवलं होतं. पण सुरू करताच येणाऱ्या पहिल्या पडद्यावरची अक्षरं मुंगीएवढी.

"अजून मोठी करा ना."

"रिझोल्यूशनच कमी करून राह्यलो, म्हंजे अक्षर मोठं होते. लग्नानंतरही असीच छळशीन का मले?"

"कोणाच्या लग्नानंतर?"

"आपल्या—" तो म्हणाला, आणि त्याची बोटं कीबोर्डवर थांबली.

तिच्या मनात आलं, डोळ्यांचं सांगावं? नको... एवढी दुपार तरी आपली असू दे.

"घे, झालं. दिसून राह्यलं का?"

दारातला उजेड पडद्यावर थरथरत होता. तिला वाटलं, हीच अक्षरं.

"हो... मस्त! केवढी मोठी!"

त्यानं लॅपटॉप स्वतःकडे वळवला.

"काय झालं?"

"उर्वशी... पडदा काळा हाय. रिझोल्यूशनचा आकडा चुकला माह्याकडून. हा पडदा तो आकडा घेतच नाही."

मग तिनं सगळं सांगितलं, डॉक्टरांसकट. वाटलं, हात धरेल. त्यानं लॅपटॉप मिटून बाजूला ठेवला.

"मायले विचारतो," तो म्हणाला. "दोन दिवस दे मले."

दीड महिन्यात त्यानं मायचं नाव एकदाही काढलं नव्हतं.

चार दिवसांनी शेजारच्या मैनाबाई बाजारातून येताना त्याच्या दुकानातून लॅपटॉप घेऊन आल्या.

"काही म्हणाला का तो, मावशी?"

"काही नाही वं. खाली मान घालून देल्ला."

उर्वशीनं बटण दाबलं. अक्षरं बोटभर मोठी, स्वच्छ. काम अगदी मन लावून केलेलं. डोळ्यांच्या कडेनं तिनं एकूण एक ओळ वाचून काढली, शेवटपर्यंत... तिच्यासाठी त्यात काही लिहिलेलं नव्हतं.