काचेखाली अडलेला दिवा

"आत्या, लगेच ये! स्कॅनर बंद पडला!"

भाचीचा आवाज रडवेला होता. आत्या समोरच्याच इमारतीत राहायची. पायात चपला सरकवल्या आणि ती तशीच धावत आली. उलटतपासणीची भारी हौस, म्हणून घरात तिला फौजदार म्हणत. आज चेष्टा कुणालाच सुचत नव्हती.

तिच्या थोरल्या भावाच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. लेक आपली एक द्यायला निघाली होती. दोघांचे कागद संध्याकाळच्या आत इस्पितळाच्या समितीकडे गेले नाहीत, तर ऑपरेशनची तारीख हातची जाणार होती, आणि पुढच्या तारखेपर्यंत दादा टिकेल याची खात्री डॉक्टरही देत नव्हते. समितीला मोबाइलवरचे फोटो चालत नव्हते. त्यात कोपऱ्यावरचं झेरॉक्सचं दुकान बंद. दुष्काळात तेरावा महिना!

"कधी बंद पडला?"

"जेवणानंतर. बाबांचे कागद सकाळी नीट गेले. आता माझे लावले, तर बटण दाबलं की नुसता गप्प. कॉम्प्युटर म्हणतो, स्कॅनर तयार नाही."

"केबल?"

"बदलली," धाकटा भाचा वैतागला होता. "प्रोग्रामही काढून परत टाकला."

"दुपारी तू घरी होतास?"

"आत्ता येतोय ऑफिसातून."

"वहिनी, पुसायला वगैरे हलवलात?"

"हातसुद्धा लावला नाही हो. जेवण झालं तशी स्वयंपाकघरातच होते."

भाचीने पुन्हा बटण दाबलं. काहीच नाही.

"जोर करू नका!" आतल्या खोलीतून दादाचा क्षीण आवाज आला. "दिवा अडकलाय, दांडी मोडेल."

आत्या थबकली. तिने स्कॅनरची कड उचलून खाली बोटं फिरवली आणि सरळ आतल्या खोलीत गेली.

"दादा, हे तू केलंस."

"काहीतरीच काय बोलतेस?"

"प्रवासात आतला दिवा हलू नये म्हणून खाली खिट्टी असते. ती लावलेली आहे. बाहेर सगळे केबल, प्रोग्राम करत बसलेत. दिवा अडकलाय, हे इथं पडल्या पडल्या तुला कसं कळलं? स्कॅनर आणला तेव्हा खिट्टी उघडली होतीस तूच. आणि अडले ते फक्त पोरीचे कागद."

दादाने तोंड भिंतीकडे फिरवलं.

"हो, लावली. तोंडाने नको म्हणून थकलो, ऐकते कुठे ती? पोरीच्या पोटावर सुरी फिरवून मला जगायचं नाही गं."

भाची दारात उभी होती. ती मागे फिरली. खिट्टी उघडून तिने आपला पहिला कागद काचेवर ठेवला.

दादा भिंतीला धरत धरत बाहेर आला आणि त्याने झाकणावर पंजा दाबून ठेवला.

"बाबा, हात काढा. पान हलतंय."

त्याने काढला नाही. मग तिनेच तो उचलला, आपल्या हातात घट्ट धरला आणि दुसऱ्या हाताने बटण दाबलं.