एकशे एकोणऐंशीवा अंक

पहिल्या भेटीत त्यांनी माझ्या ओल्या दाराला पाठ टेकली.

शाळेच्या प्रयोगशाळेच्या दारावर नाव रंगवून मी ब्रश पुसत होते. हे वहीत डोकं खुपसून आले आणि खुशाल टेकले.

"अहो, रंग ओला आहे."

"कुठे?"

"होता दारावर. आता तुमच्या पाठीवर."

पाठ बघायला ते स्वतःभोवतीच एक गिरकी घेऊन आले. "वाचता येतंय का?"

"आरशात येईल."

ते हसले... आणि उलटी प्रयोगशाळा पाठीवर घेऊन तसेच वर्गावर गेले. गणिताचे नवे सर, असं शिपाईकाकांनी सांगितलं. हंगामी आहेत, मार्चअखेरपर्यंतच. मला उगाच वाईट वाटलं. एका शर्टाच्या ओळखीवर इतकं वाईट वाटायचं काही कारण नव्हतं.

आठवड्याने मला पुन्हा बोलावणं आलं. चौदा मार्चला पाय दिन. तिसरा महिना, चौदावा दिवस, म्हणजे तीन पूर्णांक चौदा, वर्तुळाच्या गणितातला पाय. घरी सांगितलं तर वहिनी म्हणाली, "पायाचा दिवस? मग डोक्याचा कधी असतो, ते बघून घे आधी." लांब ओसरीच्या भिंतीवर पायचे दशांशचिन्हापुढचे तीनशे अंक काढायचे होते, शंभराच्या तीन ओळींत. बरोबर एक वाजून एकोणसाठ मिनिटांनी, कारण चौदाच्या पुढचे अंक एक, पाच, नऊ, मोठ्या बाई हातात छडी घेऊन एकेक अंक दाखवणार आणि सगळी शाळा मोठ्याने म्हणणार. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. तीस वर्षं गणित शिकवलेल्या. सरांना ठेवायचं की नाही, हेही त्या त्याच दिवशी ठरवणार होत्या.

कागद नको, मला पाठ आहेत, म्हणाले सर. मग रोज मधल्या सुट्टीनंतरच्या रिकाम्या तासाला ते खाली उभे आणि मी शिडीवर. ते अंक सांगत, मी रंगवत असे आणि म्हणत असे, "पुढे?"

"पुढे आठ. तुम्ही आठ खालून का सुरू करता?"

"तुम्ही भाकरी कुठून खायला सुरू करता, मी विचारलं का?"

"विचारा की."

अशाने अकरा दिवस लागले. सहा दिवसांचं काम होतं.

तेरा तारखेला शेवटचा अंक सांगून ते घंटेसरशी वर्गावर पळाले आणि मी मागे सरून भिंत पाहिली. खडूने आखलेले तीनशे चौकोन. शेवटचा रिकामा.

चौकोन मी दोनदा मोजून आखले होते, म्हणजे मध्ये कुठेतरी एक अंक राहिला होता. तेव्हाच वर्गाच्या दाराशी जाऊन सांगायला हवं होतं. मी काय केलं? शिडी त्या चौकोनापुढे टेकवली, तिच्यावर फडकी वाळत घातली आणि घरी गेले.

चौदा तारखेला सव्वा वाजता सरांनी शिडी बाजूला घेतली.

"हा रिकामा कसा?" आवाज अगदी हळू होता. मी उत्तर द्यायच्या आत ते ऑफिसात जाऊन अंकांचा छापील कागद घेऊन आले. ते कागदावरून म्हणत चालले, मी भिंतीवर बोट ठेवत. शिपाईकाका खुर्च्या मांडत होते. पहिली ओळ चोख. दुसऱ्या ओळीत बोट थांबलं. कागदावर शून्य, पाच, पाच, पाच, नऊ. भिंतीवर पाच दोनच. एकशे एकोणऐंशीवा अंक गळालेला, आणि पुढचे एकशे एकवीस एकेक घर अलीकडे सरकलेले.

एक चाळीस.

"चूक रंगवणारीची म्हणा," मी म्हटलं. "मला दुसरी भिंत मिळेल. तुम्हाला दुसरी शाळा इतक्यात नाही मिळायची."

"मी दोनदाच पाच म्हटलं असणार."

"तीनदा म्हटलंत. मी ऐकलं."

"खोटं बोलता येत नाही तुम्हाला. कान लाल होतात."

तेवढ्यात छडीचा आवाज आला, टक् टक्. मोठ्या बाई वेळेआधी आल्या होत्या. सर सरळ पुढे गेले. "बाई, भिंतीत चूक आहे. मी सांगायला चुकलो."

"मी रंगवायला चुकले," मी म्हटलं.

"दोघंही, एकाच अंकाला?" बाईंनी चष्मा वर केला. "याला चूक म्हणत नाहीत, संगनमत म्हणतात. सर, झोपेत तीनशे अंक म्हणणारा माणूस जागेपणी कसा चुकतो?"

सरांनी हातातल्या कागदाची घडी घातली. खुर्च्यांचा आवाज थांबला.

"त्या पाचांच्या वेळी... यांनी ब्रश दातात धरून केस बांधले. मी किती वेळा पाच म्हटलं, आठवत नाही. ब्रशची दांडी निळी होती, ते आठवतं."

माझे कान नक्कीच लाल झाले असणार.

"आणि तुम्ही?" बाई माझ्याकडे वळल्या. "चौकोन मोजत नव्हता?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "कालच दिसलं होतं. रिकाम्या चौकोनापुढे शिडी मीच लावली. काल सांगितलं असतं तर कालच काम संपलं असतं, मग... आज यायला काही निमित्त उरलं नसतं."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे.

बाईंनी दोघांना एकदा नीट न्याहाळलं, बेरीज जुळते का बघावं तसं. "लिहिताना अक्षर राहिलं तर आपण हंसपद काढून वर लिहितो. रंगात येतं का ते?"

"येतं."

"मग काढा. राहिलेला पाच वर, लाल रंगात. मुलांनाही दिसू दे. सर, तुमच्या नेमणुकीवर मी सकाळीच सही केली. आता खोडायला वेळ नाही, चौदा मिनिटं राहिलीत. पुढच्या वर्षी मात्र कागद बघून सांगायचं."

मी शिडीवर चढले. खाली वर्गावर्गांच्या रांगा येऊन बसू लागल्या. दोन पाचांच्या पुढे हंसपद काढलं, आणि पाचचं पोट वळवताना बारा वर्षांत कधी हलला नव्हता तो हात हलायला लागला.

खालून हळूच आवाज आला, "पेंटरबाई, हात का थरथरतोय?"

"शिडी हलतेय."

"शिडी मी धरली आहे."

"म्हणूनच."